टपालकाका आणि दोन ई-मेल

नोकरीला लागून मला जेमतेम पाच महिने झाले होते. सातपूरच्या आमच्या कारखान्यात इलेक्ट्रिकची पॅनेलं बनायची. तिथला कॉम्प्युटर विभाग म्हणजे मी, एक कुरकुरणारा प्रिंटर आणि धूळ नको म्हणून लावलेला जाड पडदा. नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि ई-मेल नावाचं प्रकरण सगळ्यांनी ऐकलं होतं. ते वापरायचं कसं, हे मात्र फक्त मला माहीत होतं आणि त्याची मला जरा घमेंडही होती.

एक दिवस साहेबांनी बोलावलं. "कारखान्यातल्या कारखान्यात कागद पाठवणं बंद करायचं म्हणतायत वरचे. यापुढे मेल. दोन प्रोग्रॅम आहेत ना? अर्ध्या खात्यांना हा द्या, अर्ध्यांना तो. महिनाभर चालवा आणि कुठला बरा ते लिहून द्या. तुमचं प्रोबेशनही संपतंय. अहवाल चांगला आला तर कायम करायला मलाही सोपं."

मी उठणार, तेवढ्यात त्यांनी आवाज खाली आणला. "एकदा मेल चालू झाला की आवक-जावकचं टेबल बंद. तो माणूस कमी करायचाय. सध्या कुठे बोलू नका."

तो माणूस म्हणजे टपालकाका. निवृत्तीला चार वर्षं उरलेली, निफाडकडच्या खेड्यातून रोज येणं-जाणं. एका खात्याचा कागद दुसऱ्या खात्यात जायचा तो त्यांच्याच टेबलावरून, रजिस्टरात नंबर पडून आणि शिक्का बसून. मी नवी असताना कॅन्टीनमध्ये माझ्याशी पहिल्यांदा बोलले ते तेच. डब्यातली द्राक्षं पुढे सरकवून म्हणाले होते, "खा, घरची हायेत." मला वाईट वाटलं. पण कायम होण्याची हाव त्याहून मोठी होती, हे आज कबूल करते.

मी कामाला लागले. पहिल्या प्रोग्रॅममध्ये एक सोय होती. आपला मेल समोरच्याने उघडला की आपल्याला तशी पोच यायची. मला वाटलं, लोक खूश होतील. खरेदी खात्याचे प्रमुख हादरलेच. "म्हणजे मी वाचलं हे त्याला कळणार?" त्यांनी विचारलं. मी अभिमानाने हो म्हटलं. "मग मी उघडणारच नाही," ते म्हणाले आणि शब्दाला जागले.

दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये अख्ख्या खात्याची मिळून एकच पेटी. न वाचलेला मेल जाड अक्षरांत दिसायचा आणि कुणी उघडला की अक्षरं बारीक व्हायची. अक्षरं बारीक दिसली की खात्यातले चौघे समजत, पाचव्याने काम केलं. पाचवा समजे, चौघं आहेत की! असे कितीतरी मेल सगळ्यांनी मिळून वाचले आणि त्यांतलं काम कुणीच केलं नाही.

त्यात आमच्या लोकांची जुनी खोड. मेल पाठवायचा, लगेच इंटरकॉम उचलायचा, "मेल टाकलाय, बघा," म्हणायचं आणि मग मेलमधला सगळा मजकूर फोनवरच सांगून टाकायचा. मी चिडून फतवाच काढला. मेल केल्यावर ज्याला पाठवला त्याला फोन करायचा नाही. साहेबांनी आपला एक नियम वर चढवला. निर्णय होईपर्यंत रजिस्टर चालू राहील, प्रत्येक मेलला काकांकडून जावक नंबर घ्यायचा. त्यामुळे दिवसभर काकांचा फोन वाजायचा. "काका, स्टोअर्सला मेल टाकतोय, नंबर द्या." काका गंभीरपणे नंबर द्यायचे. दिसत नाही अशा कागदाला नंबर देणारा जगातला तो बहुधा पहिलाच माणूस.

पहिल्या आठवड्यात दोन्ही प्रोग्रॅम सपशेल झोपले. एक ना धड, भाराभर चिंध्या. साहेब माझ्याकडे असं बघायचे, की कायम सोडा, उद्या यावं की नाही तेच कळेना. घरी जाऊन मी रडलेसुद्धा.

आणि दुसऱ्या आठवड्यात चमत्कार झाला. मेल गेला की तासाभरात उत्तर. खरेदीवाले उघडू लागले, सामायिक पेटीतली कामं होऊ लागली. मी हवेत. तक्ते केले, रंगीत रेघा मारल्या, दोन प्रोग्रॅमची तुलना करणारी आठ पानं लिहून काढली. माझ्या शिकवण्याचं हे फळ आहे याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती.

मग महिना संपत आला असताना एका दुपारी मी प्रिंटरची शाई मागायला स्टोअर्समध्ये गेले, तर समोर टपालकाका. स्टोअरकीपरला सांगत होते, "भाऊ, तुमचं पत्र आलंय कॉम्प्युटरमधी. डिझाईनकडून. उघडा की आता, कॉम्प्युटरवाली पोरगी वाट बघती. लय मागं लागून ऱ्हायले तिचे साहेब." स्टोअरकीपरने निमूट मेल उघडला. काका तिथून खरेदी खात्यात गेले. मी मागोमाग. तिथेही तेच.

प्रत्येक मेलचा नंबर त्यांच्याकडे होता. कुणाचा मेल कुणाला गेला हे अख्ख्या कारखान्यात त्यांच्याएवढं कुणालाच ठाऊक नव्हतं. आणि फोन करायचा नाही असा माझा फतवा होता, चालत जायला बंदी नव्हती.

मी त्यांना बाहेर गाठलं आणि भलतीच तापले. "काका, हे काय चाललंय? मेल चालला तर तुमचं टेबल जाणार आहे! कुणी सांगितलं नाही का तुम्हाला?"

"ठाऊक हाय की," काका म्हणाले. "माझं टेबल बंद करायचं साहेबांचं पत्र हेड ऑफिसला मीच जावक केलं. नंबर मीच टाकला."

"आणि तरीही हे करताय?" मी विचारलं.

"माझं काय, चार वर्षं राह्यली," ते म्हणाले. "तुझी सुरुवात हाय, पोरी. पैल्याच कामात नाव खराब नको व्हायला."

मला माझी इतकी लाज वाटली की रागच आला. मी म्हटलं, "उद्यापासून आठ दिवस जागचं हलायचं नाही. फक्त नंबर द्यायचे. कुणाला एक शब्द सांगायचा नाही. शपथ आहे माझी." काका नाखुशीने हो म्हणाले. मी आठ पानं फाडली आणि नवा अहवाल लिहिला, फक्त एका पानाचा. त्यात लिहिलं, की दोन्ही प्रोग्रॅम सारखेच आहेत, मेल आलाय हे काका सांगतात म्हणून आपल्याकडे मेल वाचला जातो आणि त्यांचं टेबल काढलं तर दोन्ही बंद पडतील. असा अहवाल दिल्यावर मला कायम करतील, ही आशा मी सोडलीच होती. सोमवारी जावक नंबर घेतला आणि तो साहेबांना मेल केला, कारण कागद द्यायचा नाही असा त्यांचाच हुकूम.

मंगळवार गेला, बुधवार गेला. गुरुवारी साहेब स्वतःच माझ्या पडद्याआड येऊन गरजले, "अहवालाची मुदत सोमवारी संपली! प्रोबेशनवर असताना ही तऱ्हा?"

"सोमवारीच मेल केलाय, साहेब."

"मेल केलाय?" साहेब आणखी भडकले. "मग टपालकाका सांगायला का आले नाहीत मला?"

"तेच लिहिलंय त्यात, साहेब," मी म्हटलं.

साहेब तसेच माघारी गेले आणि त्यांनी मेल उघडला. चार वर्षं काकांचं टेबल जागचं हललं नाही. मलाही कायम केलं. त्या दोन प्रोग्रॅमपैकी कुठला घेतला, ते मात्र आता खरंच आठवत नाही.