गळ टाकायचा वार

दौंडच्या स्टेशनात मी तिकीटबाबू होतो तेव्हाची गोष्ट, एकोणीसशे साठच्या आगेमागेची. एक गोरा इंजिन ड्रायव्हर कायमचा विलायतेला निघाला आणि जाताना त्याची वेताची लवचीक काठी व पिसांच्या गळांची डबी माझ्या गळ्यात मारून गेला. गांडूळ नको, कणकेची गोळी नको. पिसाचा खोटा किडा पाण्यावर नाचवायचा, की मासा फसतो म्हणे. मासे फारसे फसले नाहीत, पण मी मात्र पुरता फसलो. पाऊस असो की ऊन, आठवड्याची सुट्टी भीमेच्या डोहावर घालवायची असं ठरवून मोकळा झालो.

सुट्टी सोमवारी असायची. दुसऱ्याच आठवड्यात बायकोनं सोमवार धरला. महादेवाचा उपास, घरात मासा शिजायचा नाही. मी आणलेली मरळ शेजारच्या चाचींकडे गेली. चाचींनी माझ्या हातगुणाचं तोंड भरून कौतुक केलं आणि कालवणाचा वास भिंतीवरून आमच्याकडे पाठवला.

मग मी एका सहकाऱ्याला चहा पाजून सुट्टी गुरुवारी करून घेतली. बायकोनं सोमवार सोडला आणि दत्ताचा गुरुवार धरला. शनिवार घेतला, तर मारुती आडवा आला. माझा संशय पक्का झाला. तेहतीस कोटी देवांना हाताशी धरून ही बाई माझा गळ बंद पाडायला निघाली होती. शेवटी बुधवार मिळवला. बुधवारावर कुणाचा फारसा हक्क नाही, अशी माझी समजूत. पण तो पांडुरंगाचा निघाला. त्या दिवशी सगळ्या देवांबद्दल मी जे बोललो, ते छापण्यासारखं नाही. देवांनी मनावर घेतलं नाही, बायकोनंही नाही.

पावसाळ्यात एका बुधवारी नदीला गढूळ लोंढा आला. काठी खुंटीवर टांगून मी चिडून घरात बसलो. दुपारी बायकोनं दोन ताटं वाढली आणि समोर बसून पिठलं-भाकरी खाऊ लागली, वर कांदा फोडून.

आज बुधवार ना, मी विचारलं. पांडुरंगाचं काय झालं?

"आज तुम्ही घरात हाय," ती म्हणाली.

मला कळेना. तिनं घास खाली ठेवला.

"अवं, तुम्ही डोहावर जाता, आन् तुम्हाला पवायला येत न्हाई. माणूस परत येस्तवर घास कसा उतरायचा? मग उपास म्हनून सांगायचं."

ती मांडवगण फराट्याची, नदीकाठची. त्यांच्याकडे चार वर्षांचं पोरही पोहतं. अशा गावानं माझ्यासारखा दगड जावई करून घेतला होता. मी लढाई समजत होतो आणि ती आपली दर आठवड्याला माझ्यासाठी उपाशी राहत होती. मला भयंकर राग आला, कुणाचा ते ठरवता येईना.

दिवाळीला सासुरवाडीत जावयाला धोतर मिळतं. मला रॉकेलचा रिकामा डबा मिळाला. तो पाठीला बांधून सासऱ्यांनी मला विहिरीत उतरवलं आणि दोर धरून वर उभे राहिले. गावातली पोरं माझ्या डोक्यावरून उड्या मारत होती. मी निम्मी विहीर प्यालो. बायको काठावर बसून एकटक बघत होती, एकदाही हसली नाही. चौथ्या दिवशी डबा सुटला आणि मी बुडलो नाही.

दौंडला आल्यावरच्या बुधवारी, मी निघायच्या आधीच तिनं पाट्यावर मसाला वाटायला घेतला. मी दिवसभर पिसं नाचवली. एक बोटभर मासाही फिरकला नाही. दिवेलागणीला रिकाम्या हातानं घरी आलो. तिनं पिशवीत डोकावलं आणि वाटलेल्या मसाल्यात बटाटे टाकले.

दुपारी जेवलीस का, मी विचारलं.

"पोटभर," ती म्हणाली.