भिंगरीची शर्यत

धाकटीला शाम्पूचं पाउच आणि मला शिकेकाई. माझ्या मत्सराचा इतिहास इथून सुरू होतो. नव्वदीनंतरची ती वर्षं. उज्जैनच्या दुकानादुकानांत पाउचांच्या माळा लटकायला लागल्या होत्या, पण आमच्या घरात शाम्पू आला तो डॉक्टरांच्या सांगण्यावरून. डोक्याला वायरी चिकटवायच्या, तर केसांत तेलाचा थेंब नको.

धाकटी सात वर्षांची, मी दहाची. बोलता बोलता ती मध्येच थांबायची. डोळे उघडे, नजर रिकामी. दहा-बारा सेकंदांनी पुढचं वाक्य, जणू काही झालंच नाही. शाळेत मॅडम "ध्यान कहाँ है?" म्हणून पट्टी मारायच्या. फ्रीगंजातल्या डॉक्टरांना फिटची शंका होती, पण मेंदूच्या आलेखात दिसल्याशिवाय ते गोळ्या सुरू करेनात. मला मात्र खात्री होती, ही नाटकं करते. इतकी चांगली नाटकं आपल्याला का सुचली नाहीत, हे माझं खरं दुःख.

पहिल्या वेळी आलेख अगदी साफ आला. मशीनवाल्या भैयांना तिच्याकडून जोरजोरात श्वास सोडवून घ्यायचा होता, कारण त्यानंच ती फिट वर येते. म्हणाले, "समझो बर्थडे की मोमबत्ती है, बेटा. फूँको!"

धाकटी गंभीरपणे म्हणाली, "हमारे यहाँ दिया फूँकते नहीं."

आमच्याकडे वाढदिवसाला औक्षण. ज्योत फुंकणं म्हणजे महापाप. भैयांनी कपाळाला हात लावला. आईला तेवढ्यातही लेकीच्या संस्कारांचं कौतुक वाटलं.

दुसऱ्या वेळी बाबांनी रामघाटावरून कागदी भिंगरी आणली. एकच. तिच्यासाठी. धाकटी डोक्यावर वायरींचा मुकुट घालून पलंगावर बसली, चार फुंकरा मारल्या आणि म्हणाली, "दमले."

माझ्यानं राहवेना. भिंगरी हिसकून मी म्हटलं, "हिला येतच नाही. ही बघा!" आणि गरगर फिरवून दाखवली.

"अगं ए!" आई ओरडली.

"माझीये ती! दे!" धाकटी लालबुंद.

भैया हुशार. त्यांनी आईला खुणेनं थांबवलं, भिंगरी धाकटीला दिली, माझ्या हातात फुंकायला आलेखाच्या कागदाची पट्टी ठेवली. "चलो, देखें कौन जीतता है. रुकना नहीं!"

आम्ही दोघी समोरासमोर. फू, फू, फू. माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले, पण माझ्या डोक्याला वायरी कुठे होत्या! तिसऱ्या मिनिटाला तिची भिंगरी मंदावली. थांबली.

"मी जिंकले!" मी ओरडले.

कोणी बघेना. सगळे कागदाकडे. मशीनच्या सुया एकदम खरखरत एकसारखी टोकं काढत होत्या, भैरवगढच्या चादरीवर एकच ठसा ओळीनं मारावा तशी. "आ गया!" भैया पुटपुटले.

मी धाकटीकडे पाहिलं. डोळे उघडे, आत कोणी नाही. मला जिंकू देणाऱ्यातली ती नव्हती. हे नाटक असणं शक्यच नव्हतं.

मग पापण्या लवल्या आणि ती पुन्हा फुंकायला लागली.

गोळ्या सुरू झाल्या, मॅडमची पट्टी थांबली. भैयांनी मशीनशेजारी भिंगरी कायमची टांगली आणि मुलं घेऊन येणाऱ्या आईबापांना ते सांगायला लागले, "भाई-बहन को भी लाना."

धाकटी आता दोन मुलांची आई आहे, गोळ्या केव्हाच सुटल्या. तरी विषय निघाला की म्हणते, "ताई, थांबले नसते तर मीच जिंकले असते."

असते काय, थांबेपर्यंत पुढेच होती ती. शाम्पूनं धुतलेले केस होते ना तिचे, माझे शिकेकाईनं.