रिह्याचा शाबूत डोंगर

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. मुलीलाही नाही. मालती गेल्यावर भेटायला येणारे तिच्या चित्रांसमोर थांबायचे आणि मी चहा ठेवायला आत जायचो — तेव्हाही नाही.

माझी बायको जलरंगात निसर्गचित्रं काढायची. दर वर्षी भात निसवलं, लोंब्या आल्या की आम्ही रिहे गावाला जायचो. तिथल्या हौसाबाईंच्या शेताच्या बांधावर बसून ती समोरचा डोंगर काढायची. तोच बांध, तोच डोंगर. दिसेल तेवढंच काढायचं, हा तिचा हट्ट. विजेचा खांब आला, तिने खांब काढला. फार्महाउसचं निळं पत्र्याचं कुंपण आलं, तेही काढलं. कुणी म्हणालं, हे वगळलं असतं तर चित्र सुंदर झालं असतं. ती म्हणाली, "मग त्याला रिहे कशाला म्हणायचं?" चित्रं ओळीने लावली की पायथ्याची झाडी विरळ होताना दिसते, ओढा बारीक होताना दिसतो. मी आपला गाडी चालवायचो आणि झाडाखाली वाचत बसायचो.

शेवटच्या वर्षी तिला जिना उतरवत नव्हता. "तुम्हीच जा," ती म्हणाली. "नीट बघून या. फोटो नको, त्यातला हिरवा खोटा असतो. तुम्ही सांगा, मी काढते."

निघालो. रिह्यासाठी पिरंगुटला घोटवड्याकडे वळायचं — वळलो नाही. का? गाड्यांची रांग होती, हे खरं. पण कित्येक महिन्यांनी एक दुपार माझी एकट्याची होती, हे जास्त खरं. सरळ पौडला गेलो, एसटी स्टँडजवळच्या हॉटेलात भजी मागवली आणि पुस्तक उघडलं. मजेत वाचलं — तेही सांगायला हवं.

घरी येऊन तिला डोंगर सांगितला. गेल्या वर्षीच्या चित्रातला, मला पाठ असलेला. ती मध्येमध्ये विचारायची — उंबर कसा आहे? ओढ्याला पाणी किती? मी उत्तरं देत गेलो. "म्हणजे या वर्षी काही गेलं नाही," ती म्हणाली. तिचा चेहरा इतका खुललेला मी फार दिवसांत पाहिला नव्हता.

तिला बरं वाटावं म्हणून खोटं बोललो, असं तुम्हाला वाटेल. तसं नाही. डोंगर मी पाहिलाच नव्हता. लपवायला माझ्याकडे होतं काय — भजी आणि पुस्तक.

तिने चित्र पुरं केलं. सही केली, साल घातलं. दिवाळीनंतर ती गेली.

चित्रं रिह्याच्या शाळेला द्यायची, हे तिचंच म्हणणं. ती गेल्यावर चित्रं घेऊन गेलो आणि गावाच्या वळणावर गाडी थांबवली. डोंगराची सोंड कापलेली होती. लाल मातीची उभी भिंत, वर बंगल्यांकडे जाणारा रस्ता. उंबर नाही. ओढ्यावर भराव.

हौसाबाई शाळेच्या व्हरांड्यात एकेक चित्र बघत आल्या. शेवटच्याशी थांबल्या.

"ह्ये कंच्या सालचं?"

मी सांगितलं.

"न्हाई वो दादा. त्या साली पावसाच्या आधीच मशिनी आल्या. उंबर पाडला तवा मी हितंच हुते. बाईंनी आसं कसं काढलं? त्या तर माज्या छपराचं भोक बी सोडत न्हवत्या."

तेव्हा खरं बोलता आलं असतं. मी म्हणालो, "शेवटी शेवटी तिला भान राहत नव्हतं. मनानेच काढलं असेल."

"व्हय," त्या म्हणाल्या. "दुखन्यात मानसाचं आसंच व्हतंय." आणि पदराने काचेवरची धूळ पुसली.

मालतीला अखेरपर्यंत भान होतं.

ज्या वर्षी डोंगर कापला, त्याच वर्षीच्या चित्रात तो शाबूत आहे. शाळेच्या गुरुजींनी त्याखाली चिठ्ठी लावली आहे — 'आजारपणात, कल्पनेने काढलेले.' लावण्याआधी त्यांनी ती मला दाखवली होती. मी वाचली. अक्षर चांगलं आहे, म्हणालो.