पागोळीखाली

"उचला हिला."

पार्कचा मॅनेजर एवढंच बोलला. तेही माझ्याकडे बघून नाही. बाजूच्या दोन सिक्युरिटीवाल्यांकडे बघून. काजूचं पोतं भिजायला लागलं की आमच्या कारखान्यात असंच म्हणतात.

मी माझ्या बॅटरीच्या स्कूटरवर बसले होते. तीन चाकं, पुढे हँडल, मागे पाठ टेकायला खुर्ची. पाऊस असा, की चार हातांवरचं माणूस दिसू नये. सड्यावरचा, म्हणजे उघड्या कातळमाळावरचा पाऊस. झाड नाही, आडोसा नाही, कातळावरून पाणी नुसतं धावत सुटलेलं. माझ्या पुढ्यात चिऱ्याच्या तीन पायऱ्या. त्यांच्या वर ओटी. ओटीवर आमच्या कारखान्याच्या सगळ्या बायका, आमचे शेठ, शेठच्या घरची माणसं. सगळी कोरडी. मी खाली अंगणात. छपरावरची पागोळी थेट माझ्या मानेवर पडत होती.

"गाडी राहू दे तिथेच," मॅनेजर म्हणाला. "गाडी वर नाही चालणार. फ्लोअरिंग सारवलेलं आहे."

फ्लोअरिंग म्हणे. सारवलेलं.

हे घर खरं नव्हतं. पालीच्या जवळ सड्यावर पार्क झालंय. एका अंगाला पाळणे, घसरगुंड्या, पाण्याचे खेळ. दुसऱ्या अंगाला 'जुनं कोकण'. म्हणजे एक कौलारू घर, तुळस, रहाट, बैलगाडी आणि प्लास्टरची माणसं. कारखान्याला पंचवीस वर्षं झाली म्हणून शेठनी आम्हाला लांज्याहून सहलीला आणलं होतं. बायका बसमध्ये, मी स्कूटरसकट फळीवरून चढून पोत्यांच्या टेम्पोत. पार्क बघता बघता पाऊस कोसळला आणि सगळ्या धावत या ओटीवर चढल्या. मीही धावले. म्हणजे स्कूटरची मूठ पुरी पिळली. पायऱ्यांपाशी येऊन थांबले.

ओटीवर झोपाळा होता. झोपाळ्यावर प्लास्टरचा खोत. पगडी, उपरणं, बाजूला पानाचा डबा. आणि खाली अंगणात, पागोळीखाली, माझ्या स्कूटरला खेटून, एक प्लास्टरची बाई. कमरेत वाकलेली. पाठीवर लाकडाची मोळी, हात जोडलेले, नजर जमिनीला. पावसात तिच्या लुगड्याचा रंग सुटला होता. हिरवं पाणी माझ्या चाकांखालून वाहत होतं.

ते घर बांधणाऱ्याला काही म्हणजे काही कळत नव्हतं. आमच्याकडे पावसाळ्यात ओटीला माडाचे झाप बांधतात, नाहीतर पाऊस आडवा आत घुसतो. त्यानं झाप बांधले नव्हते. मोळीवालीचे हात गोरेपान केले होते, नखंसुद्धा रंगवली होती. पण बाई कुठे उभी करायची, हे मात्र त्याला नेमकं ठाऊक होतं. ओटीवर नाही. पायरीवर नाही. अंगणात, पागोळीखाली.

ती जागा मला ठाऊक होती. मी तिथे होते.

आम्ही बौद्धवाडीतले. मी दोन वर्षांची असताना तापात माझे पाय गेले. त्यानंतर मी हातांवर सरकत चालायची. आये खोतांच्या बागेत कामाला. मी सात वर्षांची असेन, आये गवताचा भारा घेऊन खोतांच्या घरी गेली आणि मला पाठुंगळी घेतलं होतं ते अंगणात ठेवलं. पाऊस आला. आये पागोळीखाली उभी राहिली. कुणी 'वर ये' म्हणालं नाही, ती गेली नाही. मला थंडी वाजत होती. ओटी कोरडी होती. मी सरकत गेले. एक पायरी चढले. दुसरी चढले. आतून खोतीणबाई आली.

"उचल गो तिला. ओटी धुवायला लावत्येस काय मला?"

आये धावली. "चुकलं बाय. पोराला कळत न्हाय," म्हणाली. मला बखोटीला धरून उचललं, परत पागोळीखाली आणलं आणि पाठीत दोन रट्टे घातले. आयेनं मला त्याआधी कधी मारलं नव्हतं. खोतीणबाईला दिसावं म्हणून मारलं. ओटीवरून बघत होती ती. मी रडले नाही, कारण पावसात रडलेलं कुणाला कळत नाही, हे मला तेवढ्यात समजलं होतं.

तिथून पुढे मला सगळ्यांनी उचललं. एसटीत कंडक्टरनं. दवाखान्यात वॉर्डबॉयनं. तहसीलच्या जिन्यावर कुणीही. लग्नाच्या मांडवात नवरदेवाच्या मित्रांनी, हसत. विचारत कुणी नाही. एकजण बगलेत हात घालतो, दुसरा पाय धरतो. कुणाचा हात कुठे जातो ते बोलायची सोय नाही, कारण मदत करतायत ना. वर 'उपकार' हा शब्द ऐकायचा तो वेगळा. घरी आले की मी अंग घासून घासून धुवायची.

तीन वर्षांपूर्वी तालुक्याच्या शिबिरात ही स्कूटर मिळाली. त्या दिवसापासून मला कुणी उचललेलं नाही. एकदाही नाही. घराच्या उंबऱ्याला मी फळी लावून घेतली, कारखान्याच्या दाराला माझ्या हातानं फळी आणून टाकली. सकाळी मी गेटातून आत शिरले की बायका ओरडायच्या, "आली गो आमची येश्टी!" मी हॉर्न वाजवायची. शेजारच्या टेबलावरची रुकय्या म्हणायची, "मना हर्णैला सोडशील काय? माह्यारची आठवण येतेय." माझं जे काही होतं ते एवढंच होतं. कुणाचा हात अंगाला न लागता जायचं आणि यायचं.

म्हणून मी मॅनेजरला म्हणाले, "मला उचलायचं नाही. फळी आणा."

"मॅडम, पाऊस बघा. हट्ट करू नका."

"फळी आणा. तिकडे स्टेजखाली पडलीय. मघाशी बघितली मी."

शेठ वरून बोलले. शेठ वाईट माणूस नाही, असं मी सोळा वर्षं सगळ्यांना सांगत आले होते. "अगं, घेतील ना ते उचलून! तुझं वजन ते काय! शेंगेएवढी तर आहेस."

ओटीवर हसले सगळे. शेठ हसले म्हणून बायकाही हसल्या. मी रुकय्याकडे बघितलं. अकरा वर्षं आम्ही एका डब्यातून जेवलो. तिनं ओढणी डोक्यावरून पुढे ओढली आणि खाली बघत राहिली.

तेवढ्यात मागून बगलेत हात आले.

मी ओरडले, "हात लावू नको!" पुढच्यानं पाय धरले. साडी मांड्यांपर्यंत वर गेली. माझे पाय मी कुणाला दाखवत नाही. काठीसारखे आहेत ते, आयेशिवाय कुणी बघितले नव्हते. ओटीवर शेठच्या सुनेनं मोबाइल वर धरलेला मला दिसला. मग मला दुसरं काही दिसेना. माझ्या तोंडापुढे मागच्याचं मनगट होतं. मी चावले. दात हाडाला लागेपर्यंत चावले. तो किंचाळला आणि दुसऱ्या हातानं त्यानं माझ्या कानशिलात मारली. मी सोडलं नाही. पुढच्यानं घाबरून पाय टाकून दिले. मी हनुवटीवर आपटले, पहिल्या पायरीच्या काठावर. कवटीत आवाज झाला. तोंड रक्तानं भरलं. त्यातलं माझं किती आणि त्याचं किती, ते मला अजून ठाऊक नाही.

झटापटीत स्कूटरला धक्का बसला. ती मागे गेली, कलंडली आणि गटारात पडली. वरचं चाक फिरत राहिलं.

"वेडी आहे का ही?" मॅनेजर बोंबलत होता. "पोलिसांना बोलवा! आधी उचला हिला!"

पुन्हा तेच. उचला.

मी पालथी झाले. माझे पाय गेलेत, हात गेलेले नाहीत. हे हात सोळा वर्षं मशीनवर काजूची बी फोडतायत. टरफलाच्या तेलानं काळे पडलेत, कातडी जळून जळून चामड्यासारखी झालीय. मी पंजे पायरीवर रोवले आणि अंग वर ओढलं. पाय धरणाऱ्यानं पुन्हा हात पुढे केला तेव्हा मी नुसतं बघितलं त्याच्याकडे. तो मागे सरला. पहिली पायरी. दुसरी. दुसरीवर मी थांबले, कारण सात वर्षांची होते तेव्हा इथपर्यंतच आले होते. मग तिसरी.

बायका दोन्ही बाजूंना झाल्या. मी त्यांच्या त्या सारवलेल्या फ्लोअरिंगवरून सरकत गेले. माझ्यामागे चिखलाचा आणि रक्ताचा पट्टा उमटत होता. झोपाळ्याची कडी धरली, अंग वर ओढून घेतलं. पण बसायला जागा नव्हती. खोत बसला होता.

"सरक," मी म्हणाले.

मी प्लास्टरच्या पुतळ्याशी बोलले. लोकांनी ऐकलं. ऐकू दे. मी त्याच्या उपरण्याला हात घातला आणि सगळ्या ताकदीनं ओढलं. जड वाटला होता, निघाला पोकळ. आत काथ्या आणि जुनी वर्तमानपत्रं. तो तोंडावर पडला, मान तुटली. डोकं पगडीसकट गडगडत तीन पायऱ्या उतरलं आणि त्या वाकलेल्या बाईच्या पायाशी जाऊन थांबलं. पागोळी त्याच्यावर पडायला लागली.

मी झोपाळ्यावर बसले.

शेठचा चेहरा पांढरा झाला होता. "माफी माग," ते म्हणाले. "आत्ताच्या आत्ता मॅनेजरसाहेबांची माफी माग. नाहीतर उद्यापासून कामावर यायचं नाही."

"माझी स्कूटर इथे वर येऊ दे," मी म्हणाले. "मग मी उतरते."

"माफी माग म्हणतोय मी!"

"फळी आणा."

त्यानंतर मी दुसरं काही बोललेच नाही. कुणीही काहीही म्हणालं की, फळी आणा. हनुवटीतून रक्त पदरावर गळत होतं, मी पुसलं नाही. पाऊस आडवा आत येत होता, झाप नव्हते ना. शेठ भिजले, सून भिजली, मॅनेजरही भिजला. शेवटी त्यानंच फळी आणायला सांगितली. ती स्टेजखालीच होती. आणायला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. त्या दोघा सिक्युरिटीवाल्यांनीच स्कूटर गटारातून काढून फळीवरून वर चढवली. एकाच्या मनगटाला रुमाल बांधलेला होता. त्याचं मला वाईट वाटलं नाही. आजही वाटत नाही.

मी स्कूटरवर बसले. चावी फिरवली. बॅटरीत पाणी गेलं होतं. मेली होती ती.

कुणीतरी मागे येऊन उभं राहिलं. रुकय्या. "ढकलू काय गो?"

"विचारलंस म्हणून ढकल," मी म्हणाले. "पण उशीर केलास."

ती रडत होती. मी तिचे डोळे पुसायला गेले नाही. माझ्या हनुवटीला पाच टाके पडायचे होते.

काम गेलं. व्हिडिओ मोबाइलवर फिरला. त्यात मी चावताना दिसते, खोत पाडताना दिसते. फळी मागताना दिसत नाही, ते कापलंय. पोलिसात अजून कुणी गेलेलं नाही, कारण व्हिडिओत त्यांनी माझे पाय धरलेलेही दिसतात. शेठनी निरोप धाडला, दोन ओळींची माफी लिहून दे आणि टेबलावर ये. मी निरोप्याला पाणी दिलं आणि परत पाठवलं.

आये आता थकलीय. तिला डोळ्यांनी नीट दिसत नाही. तिनं माझ्या हनुवटीवरून बोट फिरवलं.

"ओटीवर चढलीस?"

"व्हय."

"झोपाळ्यावर बसलीस?"

"व्हय."

"मग मारलं न्हाय कुणी?"

"मारलं. पण मी उतरले न्हाय."

मग तिनं आपला उजवा हात पदराखाली घेतला. ज्या हातानं मला मारलं होतं, तो. इतकी वर्षं तिलाही ते आठवत होतं, हे मला तेव्हा कळलं. मला खोतीणबाईचा राग होताच. त्या क्षणी तो इतका वर आला की तोंडात पुन्हा रक्ताची चव आली.

ऐकलंय, खोताचं डोकं त्यांनी चिकटवलंय. पायऱ्या तशाच आहेत. बाजूला नवी पाटी लागलीय, 'वाहने वर नेऊ नयेत'. बॅटरी बदलून झालीय. येत्या रविवारी मी जाणार आहे. पाऊस असला तर बरंच. फळी लावलेली असेल तर फळीवरून वर जाईन आणि कोरडी बसेन. नसेल तर माझ्या स्कूटरला बापाची पहार बांधलेली असेल. बाप चिरेखाणीत होता. चिरा कुठे मारला की फुटतो, हे त्यानं मला शिकवलंय.

पण पायऱ्या नंतर. आधी ती वाकलेली बाई. तिला तिथून उचलून कुणी दुसरीकडे नेऊन ठेवायचं नाही. मी तिला त्या पागोळीखालीच फोडणार आहे.