सुपाला लावायची वनिता

आमच्या घरी लग्नपत्रिका आली की वनिता आधी ती वाकवून बघायची. लग्न कुणाचं, मांडव कुठे, ते सगळं नंतर. पत्रिका जाड असली की तिचा चेहरा खुलायचा. "ताई, हिच्यात चार पंख बसतील," म्हणायची आणि पाहुणे अजून बसलेले असतानाच कात्री शोधायला लागायची. वनिता माझी धाकटी जाऊ. माहेर वाशिंदचं, आणि मुरबाडजवळच्या आमच्या गावातल्या शाळेत शिक्षिका. मुलांना विज्ञान समजावं म्हणून ती रॉकेटं बनवायची. सगळ्या घराला तिचं कौतुक होतं. मला नव्हतं, हे आधीच सांगून टाकते.

रॉकेट म्हणजे थंड पेयाची प्लॅस्टिकची बाटली. तिचा भाऊ वाशिंदहून आमच्याकडे येताना रिकाम्या बाटल्या गोळा करून आणायचा. बाटलीत थोडं पाणी, तोंडाला रबरी बूच, बुचातून सायकलच्या ट्यूबची नळी. बाटली उलटी उभी करायची आणि पंपाने हवा भरत राहायचं. बूच सुटलं की पाणी आमच्या अंगावर आणि बाटली सिद्धगडाच्या दिशेने.

पंप सासऱ्यांचा. त्यांच्या सायकलला कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे. माझ्या नवऱ्यालासुद्धा तो पंप मागून घ्यावा लागे. आता ते स्वतःच भात कापलेल्या खाचरात उकिडवे बसून पंप मारायचे. "सूनबाय, आजून मारू काय?" विचारायचे. 'सूनबाय' ही हाक तोवर माझी होती. वनिता आली आणि मी नुसती 'थोरली' झाले. एवढी वर्षं गरम भाकरी वाढली, कधी बरी झाली म्हणून शब्द नाही. आणि हिची बाटली चिंचेवर अडकली तरी ते हसून लोटपोट. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

रॉकेटचं दुखणं एकच होतं, नाक. पत्रिकेचा पुठ्ठा गुंडाळून ती टोकदार नाक करायची, आणि ढेकळावर आपटलं की ते चेपायचं. "फाटला त फाटला. कागदच हाय, परत करू," ती म्हणायची. हे तिचं ठरलेलं वाक्य. भाजी करपली तरी तेच, "परत करू." शहापूरच्या विज्ञान प्रदर्शनासाठी तिने भाताच्या खळीने थरावर थर चिकटवून एक जाड नाक केलं. खळीच्या वासाने उंदरांनी ते रातोरात कुरतडलं. खोटं कशाला बोलू, मला आतून गार वाटलं.

त्या सकाळी मी ओट्यावर सुपं लिंपत होते. भिजवलेली मेथी वाटून त्यात रद्दीचा लगदा कालवायचा आणि सुपाच्या फटीत बोटाने दाबून बसवायचा. माझ्या आईने शिकवलेलं काम. वनिता शेजारी येऊन बसली.

"ताई, ह्याला उंदीर लागत नाय?"

"कडू आस्तंय गो. कोण खाणार?"

तिने गोळा उचलला, रॉकेलचं नरसाळं पालथं घातलं, त्यावर लगदा थापला आणि नेऊन उन्हात ठेवला. वाळल्यावर नाक टणक झालं. शिवाय जड. "नाकात वजन पायजे, मंग ते सरळ जातं," ती म्हणाली. आणि गेलंच. सरळ वर गेलं, नाकावर आपटलं, आणि नाकाला साधा पोचाही आला नाही.

सासरे ओरडले, "वनिताचा लगदा म्हंजे लोखंड!"

"बाबा, लगदा ताईंचा हाय," ती लगेच म्हणाली. शाळेत सांगितलं, शहापूरच्या प्रदर्शनातही सांगितलं. पण ऐकतो कोण? तिनेच माझं नाव चोरलं असतं तर निदान भांडता तरी आलं असतं. चांगली वागून तिने माझी तीही सोय ठेवली नाही.

मुलांनी 'वनिताबाईंचा लगदा' घरोघरी नेला. बोलता बोलता 'बाईंचा' गळलं, मग 'लगदा'ही गळला. "आज वनिता लावायला काढलीय," असं बायका अंगणातून एकमेकींना सांगू लागल्या. आधी हाक गेली होती, आता आईची मेथीही गेली.

मग एका पावसाळ्यात तिला कावीळ झाली. कल्याणच्या दवाखान्यात मी तिच्या उशाशी होते. "ताई, बरी झाले की दोन बाटल्या एकावर एक जोडू," म्हणाली. ती घरी परत आली नाही. तिच्यामागे सासऱ्यांनी मला पुन्हा 'सूनबाय' म्हणायला सुरुवात केली. पहिल्यांदा हाक आली तेव्हा मी ओ दिली नाही. त्यांनी दुसरं कुणाला बोलावलं असं वाटलं.

परवा सुपं काढली. आता माझी स्वतःची सून आहे. तिने वनिताला कधी पाहिलंही नाही. परातीत बोट फिरवून म्हणाली, "आई, वनिता कमी पडते. आजून भिजवू?"

जिभेवर आलं होतं, अगो, ही माझ्या आईची मेथी आहे. अजूनही जळते मी, काय करू?

म्हटलं, "भिजव. वनिता कमी पडली, का कायच टिकत नाय."