बुधवारचा उपास

आमच्या मंडळीत कुणी परकं नाही, असं सगळे म्हणायचे. थळच्या वाटेवर नारळांच्या बागेत आमचं लहानसं प्रार्थनामंदिर आणि भोवती ख्रिस्ती माणसांची सात घरं. एका घरी बाळंतपण असलं की सातही घरच्या बायका तिथे, आणि भांडण झालं की तेही सात घरांत.

मंदिरामागच्या खोपटात एक म्हातारी मावशी राहायची. रक्ताची कुणाचीच नाही. तरुणपणी विधवा झाली, मग बाप्तिस्मा घेतला, तेव्हा भावांनी घराबाहेर काढली. "उद्या भीक मागत दारात येशील," म्हणाले. "मरन, पन मागनार न्हाय," ही म्हणाली. मग मंडळीने तिला वार लावून दिले. रविवारी पाळकांकडे, शनिवारी आमच्याकडे, असा एकेक वार एकेका घरचा. खोपटात चूल नव्हतीच. सात चुली असताना आठवी कशाला, असं पाळक मोठ्या अभिमानाने सांगत.

पुढे मुंबईच्या गिरण्या आमची माणसं ओढायला लागल्या. आधी बुधवारचं घर गेलं. रेवसच्या बोटीपर्यंत सगळे पोचवायला गेलो, गीत म्हटलं, रडलो. आता बुधवारी मावशी कुठे जेवणार, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. ज्याला त्याला वाटलं, दुसऱ्याने बोलावलं असेल. त्या बुधवारी कुणीतरी विचारलं, "मावशी, जेवलात?" ती म्हणाली, "आज माझा उपास हाय. मुंबईला गेले त्यांच्यासाटी."

झालं. पाळकांनी रविवारी उपदेशात तिचा दाखला दिला. बायका तिच्याकडे प्रार्थना करून घ्यायला जाऊ लागल्या. कसली भक्ती नि कसलं काय! बोलावणारं घर नाही म्हणून जेवण नाही, इतकी सरळ गोष्ट होती. मग सोमवारचं घर गेलं, सोमवारी उपास. शुक्रवारचं गेलं, शुक्रवारीही उपास. मंडळीत तिचा मान वाढतच गेला.

आमच्या शनिवारी ती जेवायला बसली की बघवायचं नाही. भात पुन्हा पुन्हा घ्यायची, भाकरी पदरात बांधायची. आई तिच्या माघारी चिडून म्हणायची, "एवढे उपास करते आणि हावरटपणा बघा हिचा." एकदा वडील हळूच म्हणाले, "अगं, त्या उपासाच्या वारी तिला कुणी घालतं का जेवायला?"  आई म्हणाली, "तुमचा शाळेचा पगार मिशनने निम्म्यावर आणलाय. आपण तरी किती वार उचलायचे?" वडील हात धुवायला उठले. मला आईचा आजही राग येतो, आणि तेव्हाची आमची रिकामी कणगी आठवली की तो धरवतही नाही.

पाऊस सरता सरता एका गुरुवारी ती गुरुवारच्या घरी आली नाही. त्या घरचे बघायला गेले तर ती निजल्यासारखी पडलेली. अंगावर मांस म्हणून नव्हतं. "उपासाने देह झिजवला, धन्य बाई," लोक म्हणाले.

मयताच्या घरी शेजाऱ्यांनी शिजवलेलं न्यायचं, ही आमची रीत. माती देऊन आल्यावर उरलेल्या चारही घरांनी नेलं. भात, कालवण, तांदळाच्या भाकऱ्या. खोपटात पाय ठेवायला जागा उरली नाही. भांडी ठेवून झाल्यावर बायका नुसत्या उभ्या राहिल्या. जेवायला त्या घरात कुणी नव्हतं.

 "यातलं एक भांडं बुधवारी आलं असतं तर," आई म्हणाली.

"बुधवारी त्यांचा उपास असायचा ना," पाळकीणबाई म्हणाल्या.

 आईने आपलं भांडं उचललं. रात्री तोच भात आम्ही जेवलो.