पडदा लागला की येतो

जुनी वस्तू शोधायला निघालं की वस्तू मिळायच्या आधी किस्सेच घरी येऊन पडतात. माझ्याकडे वर्षभरात इतके साठलेत की ऐकायला माणसं कमी पडायला लागली. खरं सांगायचं तर घरात माणूसच नाही. बायको गेली, मुलगी हैदराबादला, आणि बुलढाण्याच्या घरात मी आणि व्हिडिओ गेमचं एक बंद पडलेलं खोकं, म्हणजे कपाटाएवढं मशीन!

खोकं माझं आणि दिलीपचं. तरुणपणी आम्ही दोघांनी बसस्टँडजवळ गेम पार्लर चालवलं. मी गल्ल्यावर, दिलीप मशीनच्या पोटात. पार्लर बंद झालं, दिलीप पुढे पोराकडे पुण्याला गेला. खोक्यातली पिक्चर ट्यूब, म्हणजे त्याचा पडदाच, जळून गेली होती. मागच्या दिवाळीत मी फोनवर म्हटलं, "ये ना बे, एक डाव खेळू."

"तू पडदा लाव," तो म्हणाला. "पडदा लागला की येतो!"

झालं. साठी उलटल्यावर मी तसल्या ट्यूबसाठी जुने टीव्ही हुडकत हिंडायला लागलो. नवा चपटा टीव्ही काऊन नाही लावत, असं सगळे विचारतात. त्या काळच्या बोर्डाचं आणि चपट्या टीव्हीचं जमत नाही. आणि दिलीपला तर तो डोळ्यासमोर नको!

*

फोनवर टीव्ही ओळखायची माझी एकच खूण. साखरखेर्ड्याच्या एका शेतकऱ्याला विचारलं, "मागून पोट आहे का त्याला?"

"हाव, चांगलं मोठं पोट हाये!"

एसटीनं गेलो. पोट होतं, पण आत ट्यूब नव्हती. आत गवत होतं आणि त्यावर एक कोंबडी अंड्यांवर बसली होती. मी टीव्ही थोडा हलवून पाहिला. त्याला वाटलं, मला घाई आहे.

"थांबा थोडे दिवस," तो समजावून म्हणाला. "पिल्लं निघू द्या, मंग न्या!"

*

भंगारवाल्यांचं वेगळंच. ते आधी ट्यूबची मागची निमुळती मान मोडतात, कारण मानेवरच्या कॉइलमध्ये तांबं असतं. मान मोडली की आत हवा शिरते आणि ट्यूब कायमची संपते. आमच्या ओळखीच्या रशीदभाईंना मी दहादा सांगून ठेवलं होतं, टीव्ही आला की हात लावू नका, मला फोन करा.

एका सकाळी फोन आला. धावत गेलो. ट्यूब स्वच्छ पुसून ठेवलेली, मान मोडलेली!

"भाऊ, तुम्हाले पडदा पाह्यजे होता ना?" रशीदभाई म्हणाले. "मंग पडद्याले हातबी नाही लावला!"

*

धाड गावात मात्र चालू टीव्ही मिळाला. दोघांनी धरून एसटीत चढवला आणि खिडकीजवळच्या सीटवर ठेवला. कंडक्टरनं त्याचं लगेजचं तिकीट फाडलं. गर्दी वाढली, तसा मी टीव्ही खाली ठेवायला निघालो.

"राहू द्या," कंडक्टर म्हणाला. "त्याचं तिकीट हाये. तुम्हीच उभे राहा, तुमचं अजून काढाचं हाये!"

घरी आणून पाहतो तर ट्यूब खोक्यात शिरेना. मी पट्टी आडवी धरून वीस इंच मोजले होते. ट्यूब मोजतात कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, तिरपी.

दिलीपनं फोनवर माझी अशी काही खरडपट्टी काढली! "इतके वर्सं पार्लर चालवलं बे तू! काय शिकला?" मग जुन्या गोष्टी निघाल्या, आणि तो रागावत, हसत कितीतरी वेळ बोलला. मला फार बरं वाटलं. चुकीची ट्यूब आणली की तो जास्त बोलतो, हे माझ्या तेव्हाच लक्षात आलं.

*

योग्य ट्यूब निघाली धामणगाव बढ्याला, एका एकट्या राहणाऱ्या काकूंकडे. टीव्ही बंद होता, तरी काचेवर आमच्याच गेमचे फिकट चौकोनी रस्ते दिसत होते. गेमचं एकच चित्र वर्षानुवर्षं चालू राहिलं की काचेवर असा डाग कायमचा बसतो. रस्ते आडवे पडले होते, कारण खोक्यात ट्यूब उभी बसवतात. कुठल्या तरी पार्लरमधून निघून टीव्हीत गेलेली ती ट्यूब होती! मी मान वाकडी करून पाहत राहिलो.

"मान अवघडली का, भाऊ?" काकूंनी काळजीनं विचारलं.

मी सगळं सांगितलं. त्यांनी चहा केला, टीव्हीवरचं विणलेलं कापड काढून घडी घातली. "न्या. माह्या पोरानं नवा आणून देला. पण याच्यासंगं बसाले कोणी हाये ना तुमच्याकडे?"

"हाये ना!" मी म्हटलं. "पडदा लागला की पुण्याहून येऊन राह्यला."

*

जुन्या मेकॅनिकला घरी बोलावून ट्यूब बसवली. बटण दाबलं. आधी घूं आवाज, मग हळूहळू रंग, आणि गेमचे रस्ते बरोबर त्या डागांवर येऊन बसले. मला रडूच आलं. मेकॅनिक गेल्यावर मी दिलीपला व्हिडिओ कॉल लावला.

मोबाइलच्या कॅमेऱ्यात असा पडदा नीट दिसत नाही. चित्रातून काळे पट्टे वर सरकताना दिसतात, डोळ्यांना मात्र काहीच नसतं. हे मला दिलीपनंच शिकवलं. लोकांनी पाठवलेल्या टीव्हीच्या व्हिडिओत पट्टे पाहून मी घाबरलो की तो म्हणायचा, "ते मोबाइलचे हायेत बे, ट्यूब चांगली हाये."

कॉल लागला. भर दुपारी दिलीप पलंगावर उशीला टेकून होता. फोन दुसऱ्याच कुणीतरी धरला होता, दिलीपचे हात चादरीवर नुसते पडून होते. मी पडदा दाखवला. तो खूप वेळ पाहत राहिला.

"अबे, पट्टे पळून राह्यले ना त्याच्यात," तो म्हणाला. "हा पडदा गेला. दुसरा पाह्य."

मी पडद्याकडे पाहिलं. चित्र एकदम स्थिर होतं.

"हाव," मी म्हटलं. "मले बी तसंच वाटलं. पाह्यतो दुसरा."